खाणीच्या गाळाखाली गेलेलं शेत: पुन्हा भात लावावं का?

रानमोगरा
नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, पण आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

गोव्यात डिचोली तालुक्यात माझं माहेर. घराच्या खालच्या अंगाला, व्हाळाला (ओढ्याला) लागून दोनेक हजार चौरस मीटरचं शेत आहे. वर डोंगरावर लोहखनिजाची खाण होती. पावसात डंपाचं रिजेक्शन (खाणीतली टाकाऊ माती) व्हाळातून वाहत यायचं, मेर (बांध) ओलांडायचं आणि शेतात बसायचं. मी कॉलेजात असताना बाबांनी शेवटचं भात लावलं. मग काही वर्षं थोडीफार नुकसानभरपाई मिळायची, खाण बंद झाल्यावर तीही थांबली. बाबा गेले. भाऊ म्हणतो विकून मोकळे होऊ. मी म्हणते, एकदा लावून तरी बघू.

गेल्या महिन्यात माती तपासून घेतली. पत्रिकेत सामू (पीएच) ५.२, म्हणजे जमीन आम्ल, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश (पोटॅश) कमी. आणि खाली: "लोह: पुरेसे. मंगल: पुरेसे." (मंगल म्हणजे मॅगनीज.) सगळं शेत शेंदरासारखं लाल पडलंय आणि कागद म्हणतो पुरेसे! पत्रिका दाखवली तर शेजारचा नाईक म्हणाला, "बाये, हांगा तण लेगीत येना." (इथे तणसुद्धा उगवत नाही.)

दोन प्रश्न आहेत. पीक येईल का? आणि आलं तर तो तांदूळ घरातल्या मुलांच्या ताटात वाढावा का?

खट्याळ_खेकडा
लोह पुरेसे म्हणजे तुमच्याकडची पेज प्यायली की हिमोग्लोबिन थेट वीस. आणि मंगलही पुरेसे आहे, तेव्हा कार्य उरकून घ्यायला हरकत नाही.
(रुमाल टाकून ठेवतो. विषय गंभीर आहे, सावकाश वाचतो.)

चिखलणी
ताई, शेतकीचं शिक्षण दापोलीत झालंय, त्या जोरावर लिहितो.

मृदा आरोग्य पत्रिका "कमी पडतंय का?" एवढंच बघते. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. लोह मोजताना डीटीपीए नावाच्या द्रावणाने पिकाला मिळण्याजोगा भाग काढतात. तो किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या वर असला की शेरा "पुरेसे". मग ५ असो नाहीतर ३००. जास्त झाल्याचा रकानाच नाही. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक तर या पत्रिकेत येतच नाहीत. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या कागदात सापडणार नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल. भाताच्या खाचरात पाणी साठलं की मातीतली हवा संपते आणि एरवी न विरघळणारं लोह विरघळून मुळांशी येतं. आम्ल जमिनीत हे जास्तच. रोप ते शोषत राहतं. खालच्या पानांच्या टोकाशी बारीक तपकिरी ठिपके येतात, मग सगळं पान तांबूस होतं. मूळ उपटून बघितलं तर गंजलेल्या तारेसारखं दिसतं. फुटवे कमी, लोंब्या पोकळ. शिवाय लोह स्फुरदाला धरून ठेवतं, म्हणजे खत घातलं तरी पिकापर्यंत पोचत नाही. तुमच्याकडे पालाशही कमी आहे, त्याने हा त्रास वाढतो.

शेवटच्या वर्षी बाबांच्या भाताची पानं कशी होती, आठवतंय का?

रानमोगरा
@चिखलणी, आठवतंय! आई म्हणायची, "भाताला कावीळ झाली." आम्हाला वाटायचं कीड आहे, आणि बाबा फवारणी करत बसायचे. पाण्यावर तेलासारखा तवंगही असायचा. गावात सगळे म्हणायचे, खाणीच्या गॅरेजातलं डिझेल उतरतंय.

बार्जवाला
हे खाणीवर ढकलायचं आता फॅशन झालंय. मी अकरा वर्षं बार्जवर काढली. मांडवीतून खनिज मुरगावला न्यायचो. त्या पैशावर दोन बहिणींची लग्नं झाली, घराला स्लॅब पडला. आमच्या वाड्यावर घरटी एक ट्रक होता. तेव्हा कोणी माती तपासली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि एका रात्रीत ट्रकांवर वेली चढल्या. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. नुकसानभरपाई घ्यायला शेतकऱ्यांचीही रांग असायची, तेही लिहा की. आणि तवंग डिझेलचाच असेल तर त्यात धातू कुठून आले?

चिखलणी
@बार्जवाला, तवंगाची परीक्षा सोपी आहे. काठी घेऊन मधोमध टोचायची. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे तरंगले, तर तो लोहाचा आणि लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा. काठी फिरवल्यावर पुन्हा एकजीव झाला तर तेल.

बार्जवाला
काठी टोचून बघतो. पण म्हणून खाण वाईट असं मी म्हणणार नाही.

आजीची_पेज
बार्जवाले भाऊ, तुमचंही खरं आणि रानमोगराचंही. आमच्या घरात दोन्ही होतं. मोठा मुलगा खाणीवर सुपरवायझर आणि खाली शेतात गाळ. जेवायला बसलं की दोघे बापलेक एकमेकांशी बोलायचे नाहीत.

मला आठवतं ते असं. सुरुवातीला गाळ नवाच होता, तेव्हा लोक म्हणायचे, बरी माती आली, वर नवा थर बसला. पहिल्या वर्षी भात उभंही राहिलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नांगर चालेना. उन्हाळ्यात तो गाळ टाइलसारखा वाजायचा. पावसात वर पाणी आणि खाली कोरडं. पूर्वी आमच्या शेतातल्या उकड्या तांदळाच्या पेजेला एक वास असायचा. आता दुकानातला तांदूळ आणते, पेज होते, वास नाही. (अवांतर झालं, माफ करा.)

प्रश्नचिन्ह
या धाग्यात एक गोंधळ होतोय. "धातूंचं प्रदूषण" आणि "गाळ बसणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्याचं खनिज म्हणजे हेमॅटाइट, गोएथाइट, सगळी ऑक्साइडं, म्हणजे गंजासारखी, लोह आणि ऑक्सिजनची. जस्त-शिशाच्या किंवा तांब्याच्या खाणींत गंधकाची खनिजं असतात, त्यांना हवापाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते जड धातू विरघळवत नेतं. तसं इथे सहसा होत नाही. आजींनी सांगितलं तेच गोव्याचं मुख्य दुखणं आहे: बारीक गाळाने जिवंत माती पुरली गेली. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावा लागतो. तो डोंगरावर रचायचा आणि वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. आणखी काय होणार?

तुमसरकर
गोव्याचं वाचून आमचं आठवलं. भंडारा जिल्ह्यात, आमच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॅगनीजच्या खाणी आहेत, इंग्रजांच्या काळापासूनच्या. तिकडे लाल, इकडे काळं. लहानपणी धुतलेले कपडे वाळत घातले की संध्याकाळी झटकून घ्यावे लागत, नाहीतर कॉलर काळी.

आमच्याकडे भाताला धानच म्हणतात. खाणीच्या बाजूच्या बांध्यांत रोवणी केली की काही ठिकाणी पऱ्हे (रोपं) दोन आठवडे तशेच राहायचे, वाढायचंच नाव नाही. काका म्हणायचे, "जमीन रुसली." लोह की मॅगनीज की आणखी काही, कोणी तपासलंच नाही. पण एक सांगतो बाप्पा, मॅगनीजची भीती तांदळापेक्षा धुळीतून जास्त. वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली तर हात कापणं, चाल अडखळणं असं कंपवातासारखं होते. हे जुन्या खाणकामगारांमध्ये जगभर नोंदलेलं आहे.

खट्याळ_खेकडा
गोव्याचं लाल, भंडाऱ्याचं काळं. आता कोळशावाले आणि चुनखडीवाले आले की रांगोळी पूर्ण.

तोयामाकर
नोकरीनिमित्त सहा वर्षं जपानच्या तोयामा प्रांतात आहे. या विषयाची पंढरी म्हणावी असं हे ठिकाण, म्हणून लिहितो.

इथून वर डोंगरात कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. तिचं सांडपाणी जिंझू नदीत उतरायचं आणि नदीचं पाणी भातशेतीला. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येतंच. ते मातीत बसलं, मातीतून तांदळात आणि तांदळातून माणसांत. सगळ्यात जास्त भोगलं ते उतारवयाच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांनी. मूत्रपिंड निकामी आणि हाडं इतकी ठिसूळ की खोकल्याने बरगडी मोडायची. आजाराचं नाव पडलं "इताई-इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". खाणीमुळे हे होतंय असं सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

पुढची गोष्ट रानमोगराताईंच्या कामाची आहे. ८६० हेक्टरांहून जास्त शेतातली माती बदलली. दूषित थर उकरायचा, तिथेच खाली पुरायचा, दाबायचा आणि वर स्वच्छ माती पसरायची. हे काम २०१२ मध्ये संपलं. मी त्या शेतांजवळून सायकलने जातो. भात उत्तम आहे, काहीही वेगळं दिसत नाही. दिसतं ते संग्रहालयात, काचेमागे ठेवलेल्या फोटोंत.



रानमोगरा
बापरे. @तोयामाकर, म्हणजे मलाही कॅडमियमची भीती आहे का? रात्री हे वाचून झोपच लागली नाही.

प्रश्नचिन्ह
घाबरवू नका त्यांना. कामिओका जस्ताची खाण होती, यांची लोहाची. वर सांगितलंय मी.

तोयामाकर
@प्रश्नचिन्ह, मान्य. पण "सहसा नाही" हे शब्द तुमचेच आहेत. मुलांच्या ताटाचा प्रश्न असेल तर एकदा मोजून घेतलेलं बरं.

मेरेवरचा_बगळा
वाळा लावा, सूर्यफूल लावा, मोहरी लावा. झाडं धातू ओढून घेतात आणि जमीन आपोआप शुद्ध होते. यूट्यूबवर व्हिडिओ आहे. केमिकलवाल्यांना हे सांगायचं नसतं.

चिखलणी
@बगळा, आर्सेनिक भरपूर ओढणारं एक नेचं आहे खरं. पण तसं पीक कापून न्यावं लागतं, दरवर्षी, अनेक वर्षं, आणि कापलेल्या पाल्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. लोहासाठी तर याचा काहीच उपयोग नाही. त्या मातीत लोह टक्क्यांत आहे, सूर्यफूल किती ओढणार? वाळा मात्र लावा, मेरेवर आणि व्हाळाच्या काठाला. त्याची मुळं माती धरून ठेवतात. वरचा डंप अजून धुपत असेल तर आधी ते थांबवायला हवं, नाहीतर आज गाळ काढायचा आणि पुढच्या जुलैत परत.

आता उपाय. गाळ वीतभरापेक्षा कमी असेल तर काढणं किंवा खोल नांगरून जुन्या मातीत मिसळणं शक्य आहे. मग भरपूर शेणखत आणि हिरवळीच्या खतासाठी धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडणे. सामू ५.२ आहे म्हणून चुना. स्फुरद आणि पालाश. आणि मुख्य म्हणजे खाचरात सतत पाणी कोंडायचं नाही. मधूनमधून पाणी बाहेर सोडून जमीन भेगाळू द्यायची, मातीत हवा शिरली की लोह पुन्हा बसतं.

तोयामाकर
थांबा, थांबा. इथे नेमकं उलटं सांगतात! लोंब्या येण्याच्या आधी आणि नंतर काही आठवडे खाचरात पाणी राखा, म्हणजे कॅडमियम तांदळात कमी उतरतं.

चिखलणी
@तोयामाकर, दोन्ही बरोबर. म्हणूनच मोजायला हवं. पाणी भरून ठेवलं की लोह आणि आर्सेनिक मोकळं होतं, कॅडमियम अडकतं. पाणी सोडलं की लोह आणि आर्सेनिक अडकतं, कॅडमियम मोकळं होतं. कुठला धातू आहे हे माहीत नसताना पाण्याचा सल्ला देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. मीही वर जरा घाईच केली.

आजीची_पेज
पाणी ठेवलं तरी पंचाईत, सोडलं तरी पंचाईत. सूनबाईसारखं झालं हे.

खट्याळ_खेकडा
आजी 🙏 धागा इथेच जिंकलात.

लुसाकाहून
झांबियात आहे. कब्वे नावाचं शहर इथून दीडशे किलोमीटरच्या आत. तिथली शिशाची खाण १९९४ मध्ये बंद झाली. आज तीस वर्षांनंतरही अंगणातल्या मातीत शिसं आहे आणि लहान मुलांच्या रक्तात ते सापडतं. मुलं धुळीत खेळतात, तोच हात तोंडात घालतात. शिसं धान्यात कमी उतरतं, मातीतून सरळ पोटात जास्त जातं. म्हणून @रानमोगरा, तांदळाइतकाच अंगणाचा आणि परसातल्या पालेभाजीचाही विचार करा. लाल माठाच्या देठांत अडकलेली माती तीन पाण्यांनी धुवा. तुमच्याकडे शिसं नसेलही, पण ही सवय फुकट आहे.

बार्जवाला
एवढं सगळं शेतकऱ्याने एकट्याने करायचं? खाणवाल्यांकडून घेतलेला पैसा सरकारकडे पडून आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, तो खाणीची झळ लागलेल्या गावांसाठीच. शिवाय २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने खनिज विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. गाळ काढायला पंचायतीतून अर्ज करा. मी खाणीच्या बाजूचा आहे, पण शेतातला गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने काढावा असं मला वाटत नाही.

प्रश्नचिन्ह
+१. पहिल्यांदाच बार्जवाल्यांशी सहमत. एक भर: केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम काढले, त्यात तपासणी, जबाबदारी, सफाई सगळं आहे. पण खाणकामातून झालेलं प्रदूषण त्यातून वगळलंय, कारण त्याला वेगळा कायदा आहे. त्यामुळे त्या दारी जाऊन उपयोग होईल असं वाटत नाही. बार्जवाल्यांनी सांगितलेला निधीच बघा.

सावंतवाडीची_लाकडी_भाजी
आमच्या सिंधुदुर्गात २०२१ च्या जुलैत कळणे इथे खाणीचा चिखल गावात शिरला, तेव्हा बागायतीत गाळ बसला होता. ओळखीतल्या एकांनी सुपारीच्या बुंध्याभोवतीचा गाळ फावड्याने लगेच ओढून काढला. शेजाऱ्याने "बघू पावसानंतर" म्हणून ठेवला. पहिल्याची झाडं बरी आहेत. एवढंच सांगायचं होतं.

मेरेवरचा_बगळा
व्हिडिओची लिंक टाकू का?

खट्याळ_खेकडा
नको.

रानमोगरा
सगळ्यांचे आभार. दोन आठवडे इथे आले नाही कारण शनिवार-रविवार गावी होते.

भावाला घेऊन शेतात गेले आणि खड्डा खणला. वरचा थर पक्का लाल, कुदळ टणकन् वाजत होती. माझ्या वितीने सव्वा वीत भरला. त्याच्या खाली अचानक मऊ, काळसर माती लागली. तिच्यात भाताची जुनी धसकटं होती, हाताने चुरगळली की पीठ. भाऊ बराच वेळ ती बोटांत फिरवत उभा होता. मग म्हणाला, "ही बाबांची." विकायचं काही बोलला नाही. निदान त्या दिवशी तरी.

व्हाळाच्या कडेला तवंगाला काठीही टोचली. तुकडे झाले. बार्जवाले, डिझेल नव्हतं.

यंदा सगळं शेत लावणार नाही. वरच्या कोपऱ्यात, जिथे गाळ चार बोटंच आहे, तिथला गाळ मजुरांकडून काढून घेतोय. तिथे आधी धैंचा पेरणार. बाकीच्या शेतासाठी पंचायतीत अर्ज दिलाय. पोच मिळाली, त्यापुढे बघू. मुलांच्या ताटाचा प्रश्न तपासणी येईपर्यंत बाजूला ठेवलाय. एकूण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक मोजणारी प्रयोगशाळा मिळाली. नमुना कसा घ्यायचा हे कोणी नीट सांगेल का? मागच्या वेळी मी कुदळीने एकाच ठिकाणची माती उचलून दिली होती.

चिखलणी
मग पत्रिकेतला लोहाचा शेराही विसरा, ताई! धातू मोजायचे तर गंजलेली कुदळ नमुन्याला लावायची नाही. कुदळीने खड्डा केला तरी कडेची माती लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने खरवडून घ्यायची. मेरेजवळ, झाडाखाली, शेण टाकलं होतं तिथे घेऊ नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, प्रत्येकातली थोडी माती प्लास्टिकच्या टबात. ती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. आणि लाल गाळ आणि खालची काळी माती एकत्र करू नका, दोन वेगळे नमुने द्या.

धैंच्यानंतर भात आलंच तर तांदूळही तपासा. आंतरराष्ट्रीय मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळाला कॅडमियमसाठी किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिकसाठी ०.२ अशी आहे. मुलांच्या ताटाचं उत्तर शेवटी त्या आकड्यावरच मिळेल.

आजीची_पेज
बियाणं कुठलं घेणार आहेस गो? ज्योती घे, लाल तांदूळ, उकडायला बरा.

रानमोगरा
ज्योतीच, आजी. बाबाही तेच लावायचे.

@चिखलणी, प्लास्टिकचं खुरपं बाजारात नाही मिळालं. पुतण्याचं वाळूत खेळायचं फावडं चालेल का?

चिखलणी
चालेल. आधी धुऊन घ्या. आणि पिशवीवर तारीख लिहा, पावसाआधीचा नमुना की नंतरचा ते लागेल.